बोडे, व्हिल्हेल्म फोन

(१० डिसेंबर १८४५ – १ मार्च १९२९). जर्मन कलेतिहासकार व संग्रहालयतज्ञ. यूरोपीय प्रबोधनकालातील कलेचा, विशेषतः पंधराव्या शतकातील इटालियन मूर्तिकलेचा अधिकारी अभ्यासक. बर्लिनच्या शाही संग्रहालयांत सु. अर्धशतक सेवा करून त्याने तेथील प्रबोधनकालीन संग्रह यूरोपातील अग्रगण्य संग्रहांच्या पंक्तीस नेऊन बसविला.

त्याचा जन्म ब्रन्सविक संस्थानातील काल्फर्डे या गावी झाला. गटिंगेन व बर्लिन येथे कायद्याचे शिक्षण घेऊन त्याने काही काळ न्यायखात्यात उमेदवारी केली. तथापि त्याचा मूळ ओढा कलेकडे होता. फ्रान्स हाल्स या डच चित्रकारावरील प्रबंधास लाइपसिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाल्यानंतर (१८७०) १८७२ साली तो बर्लिनच्या संग्रहालयात मूर्तिविभागाचा साहाय्यक अभिरक्षक झाला. पुढे मूर्तिसंग्रहाचा संचालक (१८८३), चित्रवीथीचा संचालक (१८९०) व शाही संग्रहालयांचा महासंचालक (१९०५–२०) अशी पदे त्याने भूषविली. १९१४ मध्ये त्यास सरदारकी देण्यात आली.

बोडेच्या कार्याची पार्श्वभूमी राजकीय होती. १८७१ मध्ये जर्मनीचे एकीकरण होऊन बर्लिन साम्राज्याची राजधानी झाले. परंतु पॅरिस, व्हिएन्ना किंवा फ्लॉरेन्स येथील राजघराण्यांप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या जमविलेला कलासंचय त्या नगरीपाशी नव्हता. ही उणीव खरेदीनेच भरून काढणे भाग होते. त्या काळी इटलीतील अनेक जुनी घराणी आपल्याकडील कलावस्तू विकत होती आणि पंधराव्या शतकातील मूर्तिशिल्पांची किंमत बाजारात फारशी कोणी जाणत नव्हते. बोडे वारंवार इटलीस जाऊन वस्तू स्वतः पारखून घेई. लूका सिन्योरेल्ली याचे पॅन या ग्रामदेवतेवरील विख्यात चित्र त्याने १८७३ मध्ये मिळविले. या निर्यातीचा इटलीत विरोध वाढत गेला व तेथील शासनाने १९०२ आणि १९०९ साली कायदे करून कलावस्तू परदेशी नेण्यावर निर्बंध घातले. एका देशाच्या संग्रहालयाची समृद्धी ही दुसऱ्या देशाची हानी ठरते, हा प्रश्न बोडेच्या यशाशी अशा प्रकारे निगडित आहे.

सरकारी अनुदान अपुरे पडे, म्हणून त्याने धनिकांना संग्रहाची गोडी लावली, त्यांना खरेदीत सल्ला दिला व त्यांचे संग्रह कालांतराने संग्रहालयाकडे वळविले. १८९७ मध्ये त्याने अशा आश्रयदात्यांची संस्था स्थापन केली. कापडव्यापारी जेम्स झिमोन (१८५१–१९३२) याने आपला प्रबोधनकालीन संग्रह १९०४ मध्ये संग्रहालयास अर्पण केला. खाजगी धन व तज्ञाची दृष्टी यांच्या मेळातून सार्वजनिक संग्रह घडविण्याची ही रीत बर्लिनपुरती मर्यादित नव्हती. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांनी मेरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकामार्फत यूरोपीय चित्रे जमविली व त्यांची चित्रवीथी १९२१ मध्ये खुली झाली. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयास (विद्यमान छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) यूरोपीय चित्रे प्रामुख्याने सर रतन टाटा व सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतून लाभली.

बोडेच्या कर्तृत्वाचे शिखर म्हणजे १८ ऑक्टोबर १९०४ रोजी उघडलेले कैसर फ्रीड्रिख संग्रहालय होय. एर्न्स्ट फोन ईने हा त्याचा वास्तुकार. तोवर चित्रे, मूर्ती व गृहोपयोगी वस्तू निरनिराळ्या दालनांत मांडण्याचा प्रघात होता. बोडेने एका कालखंडातील चित्रे, मूर्ती, लाकडी सामान व भित्तिपट एकत्र मांडले. वेदीचित्रांसाठी तर इटालियन चर्चच्या धर्तीवर स्वतंत्र दालन बांधविले. कलाकृती ज्या परिसरासाठी निर्माण झाली, त्याचा प्रत्यय प्रेक्षकास यावा हा त्यामागील हेतू होता. इस्लामी कलेचा स्वतंत्र विभागही त्याने याच संग्रहालयात सुरू केला. पौर्वात्य गालिच्यांचा तो जाणकार होता.

कर्तृत्वनिश्चितीच्या बाबतीत बोडेची भिस्त अनुभवाने कमावलेल्या नजरेवर होती. कान, बोटे इ. तपशिलांवरून चित्रकार ओळखण्याच्या जोव्हान्नी मोरेल्ली याच्या पद्धतीवर त्याने कडक टीका केली. या नजरेची कसोटी लागली ती ‘फ्लोरा’ प्रकरणात. रोमन पुष्पदेवतेचा हा मेणाचा अर्धपुतळा १९०९ मध्ये बोडेने लंडनहून मोठ्या किंमतीस घेतला व तो लिओनार्दो दा व्हिंचीची निर्मिती असल्याचे जाहीर केले. लवकरच इंग्रज शिल्पकार रिचर्ड कॉकल ल्यूकस (१८००–८३) याच्या मुलाने तो आपल्या वडिलांनी घडविल्याचे प्रतिज्ञेवर सांगितले. ल्यूकसने जुन्या पुतळ्याची केवळ डागडुजी केली असावी, असा बोडेच्या पक्षाचा युक्तिवाद होता. वृत्तपत्रांतून दीर्घकाळ वाद झडला; बोडेने आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या किरणोत्सर्गी कार्बनाच्या परीक्षणात हे मेण मुख्यत्वे देवमाशापासून मिळणारे असून पुतळा एकोणिसाव्या शतकातील असल्याचे दिसून आले. मात्र एका वस्तूबाबत चुकलेल्या याच नजरेने संग्रहालयातील शेकडो अस्सल वस्तू हेरल्या होत्या, हेही तितकेच खरे.

तस्कनीतील प्रबोधनकालीन मूर्तिकलेवरील त्याचा सचित्र ग्रंथ (१८९२–१९०५) आणि रेम्ब्रँटच्या चित्रांची आठ खंडांतील सूची (१८९७–१९०६) हे त्याचे महत्त्वाचे लेखन होय. त्याचे आत्मचरित्र मरणोत्तर १९३० मध्ये प्रसिद्ध झाले. बर्लिन येथे त्याचे निधन झाले.

दुसऱ्या महायुद्धात संग्रहातील अनेक वस्तू सुरक्षिततेसाठी फ्रीड्रिखशाइन येथील विमानविरोधी बुरुजात हलविण्यात आल्या. मे १९४५ मध्ये तेथे लागलेल्या आगींत चारशेहून अधिक चित्रे व अनेक मूर्ती नष्ट झाल्या. सिन्योरेल्लीचे ‘पॅन’ त्यांतच गेले. नष्ट समजल्या गेलेल्या काही मूर्ती मॉस्कोतील पूश्किन संग्रहालयात असल्याचे २०१६ मध्ये उघड झाले. गेलेल्या कलाकृतींचा अभ्यास आता जुन्या सूची व छायाचित्रे यांवरूनच करावा लागतो. कैसर फ्रीड्रिख संग्रहालयास १९५६ मध्ये बोडेचे नाव देण्यात आले. दीर्घ दुरुस्तीनंतर ते २००६ मध्ये पुन्हा खुले झाले असून मूर्ती व चित्रे एकत्र मांडण्याची त्याची कल्पना तेथे नव्याने अनुसरली जात आहे.