जळलेल्या टेबलांचा हिशेब

दिवाणखान्यात समुद्र आणून ठेवायची हौस मध्यमवर्गीय माणसाला फार. समुद्राकाठचा फ्लॅट आपल्याला स्वप्नातसुद्धा कर्जावरच दिसतो. म्हणून आपण भिंतीवर मातीचे मासे टांगतो आणि शोकेसमध्ये हाताने घडवलेले शंख-शिंपले मांडतो. किंमत ऐकली की मात्र पोटात भरती-ओहोटी सुरू होते. "मातीचे एवढे पैसे?" हा आमच्या घराण्याचा पिढीजात प्रश्न. इतिहासाशी माझा संबंध कॉमर्सला गेलो तेव्हाच तुटला; पण या प्रश्नाचं उत्तर सापडलं ते सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच माणसाच्या हिशेबात.

त्याचं नाव बर्नार पालिसी. फ्रान्सच्या पश्चिम भागात, सेंत गावी राहायचा. काचा रंगवायचा, जमिनी मोजायचा. मिठावरच्या करासाठी किनाऱ्यावरची मिठागरं मोजायचं सरकारी कामही त्याला मिळालं होतं. म्हणजे तसा आपल्यातलाच! पण कुणीतरी त्याला झिलईचा एक सुंदर मातीचा पेला दाखवला आणि संसाराला दृष्ट लागली. तशी झिलई जमवण्यात पठ्ठ्याने पंधरा-सोळा वर्षं घालवली.

या उद्योगाचा ताळेबंद त्याने १५८० साली स्वतःच छापला. आम्हा बँकवाल्यांना तो वाचताना घाम फुटतो. मदतनीस कुंभाराचा पगार द्यायला पैसे नाहीत, म्हणून स्वतःचे कपडे दिले. भट्टीची लाकडं संपली तेव्हा बागेतल्या मांडवाचे खांब जाळले, मग घरातली टेबलं, मग जमिनीच्या फळ्या! गावात बभ्रा झाला, पत गेली. कुणी म्हणालं, वेडा आहे. कुणी म्हणालं, खोटी नाणी पाडतो. एकदा घाणा चांगला उतरणार म्हणून सावकार आशेने दारात हजर, तर भट्टीच्या गाऱ्यातल्या गारगोट्या फुटून तुकडे झिलईत रुतलेले. लोक तोच माल स्वस्तात मागत होते. नाव खराब होईल म्हणून याने तो सगळा फोडून टाकला!

पुढे मात्र जमलं. खऱ्या माशांचे, बेडकांचे, शिंपल्यांचे साचे घेऊन त्याने अशा बशा केल्या, की जेवायला बसलं तर घास घ्यायचा की बशीतल्या माशाला घालायचा, कळू नये. राणी कॅथरिन द मेदिचीने १५७० च्या सुमारास त्युइलरीच्या बागेतली गुहा सजवायला त्याला बोलावलं. दगडात सापडणारे शंख हे एके काळचे जिवंत प्राणी, असं तो पॅरिसमध्ये व्याख्यानांतून सांगे. फी एक एक्यू. सांगितलेलं खोटं ठरलं तर चौपट परत! अशी हमी आमची बँक मुदतठेवीवरही देत नाही. प्रोटेस्टंट धर्म सोडायला मात्र तो तयार झाला नाही, आणि १५९० च्या सुमारास बास्तीयच्या तुरुंगात वारला.

त्याच्या बशा आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहेत. हट्टाला माझा नमस्कार. पण त्या पुस्तकात घरच्या माणसांच्या बोलण्याबद्दल त्याने जी कुरकुर केलीय, ती मात्र मला पटत नाही. दाईकडे ठेवलेल्या दोन पोरांचे पैसे थकलेले, घरातली टेबलं पेटलेली. अशा वेळी कुठली बायको आरती ओवाळील? भांडवल दोघांचं बुडत होतं आणि नाव एकाचंच झालं. मला विचाराल तर हे खातं जॉइंट होतं. बशीखालच्या पाटीवर दुसरी सही तिची हवी होती.