हिवाळ्यात न मिटलेली बालवाडी

बर्लिनच्या पश्चिमेला, शार्लोटेनबुर्गलगतच्या ग्रुनेवाल्डमधल्या पाइनच्या झाडांत १ ऑगस्ट १९०४ रोजी एक शाळा भरली. अशक्त, फिकुटलेल्या, क्षयाच्या छायेत वाढणाऱ्या शहरी मुलांसाठी नगरपालिकेने ती काढली होती. उघड्यावर धडे, पोटभर खाणे आणि दुपारी सक्तीचा आराम, असा तिचा क्रम. ऑक्टोबर संपता संपता ती बंद झाली. लंडनच्या कौन्सिलने १९०७ मध्ये बोस्टल वुडमध्ये तिचा कित्ता गिरवला. तीही जुलैत उघडली आणि ऑक्टोबरात मिटली. वनबालवाडीचा, म्हणजे बारा महिने रानातच भरणाऱ्या बालवाडीचा, इतिहास सांगताना या शाळांकडे मूळपुरुष म्हणून बोट दाखवण्याची पद्धत आहे. मला हे नाते फार तर चुलत घराण्याचे वाटते. या शाळांना जंगल हवे होते ते औषध म्हणून, आणि ते औषध उन्हाळ्यातच घ्यायचे अशी समजूत होती. वनबालवाडी ही वेगळी संस्था झाली ती पहिल्या हिवाळ्यात दार न लावल्यामुळे (लावायला दारच नव्हते म्हणा). तिथले हिवाळी सण कळायचे तर आधी हा निर्णय समजून घ्यावा लागतो.

हा निर्णय निसर्गप्रेमातून झाला असे मानायला सोपे आहे, आणि सुरुवात तशी झालीही. १९५० च्या दशकात डेन्मार्कमध्ये सोलेरोड इथे एला फ्लाटाउ ही बाई स्वतःची आणि शेजारपाजारची मुले घेऊन रोज रानात जाऊ लागली. तिच्या उपक्रमाला नावच पडले ‘भटकी बालवाडी’. स्वीडनमध्ये १९५७ साली यस्टा फ्रूम यांनी ‘स्कूग्समुले’ नावाचे एक वनभूत रचले आणि मुलांना रानाची ओळख करून देण्याचे काम त्याच्यावर सोपवले. पण हौशीच्या गोष्टी चार घरांपुरत्या राहतात. पुढे हा प्रकार डेन्मार्कभर पसरला त्यामागे टंचाईही होती. बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या, शहरांतल्या पाळणाघरांत जागा पुरेनात, मग कोपनहेगनची मुले बसमध्ये घालून शहराबाहेरच्या रानात नेण्याची सोय झाली. आता, नोकरी करणाऱ्या आईला जानेवारीतही सकाळी मूल कुठेतरी सोपवायचे असतेच. थंडी पडली म्हणून तीन-चार महिने मिटणारी संस्था तिच्या काय कामाची? १९८५ मध्ये स्टॉकहोमजवळच्या लिडिंगो बेटावर निघालेली मुलेबोर्ग बालवाडी किंवा १९९३ मध्ये जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गला सरकारी मान्यता मिळालेली वनबालवाडी, दोन्ही बारमाही आहेत. त्याआधी, १९६८ मध्ये, वीसबाडेनला अशी बालवाडी निघाली होती, पण जर्मनीत ही लाट आली ती फ्लेन्सबुर्गनंतर.

फ्लेन्सबुर्गला डिसेंबरात सूर्य साडेआठ उलटल्यावर उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. मुले रानाच्या तोंडाशी जमतात तेव्हा जेमतेम फटफटलेले असते. अंगाला लागून लोकरीचे कपडे, त्यावर जाड थर, सगळ्यांत वर रबरी विजार. गळ्याभोवती मफलर नसतो, फांदीत अडकून फास बसेल म्हणून नळीसारखी गळपट्टी असते. बसायला फोमचा तुकडा, प्यायला थर्मासमधला गरम चहा. आडोसा म्हणून रस्ते बांधणाऱ्या मजुरांचा असतो तसा चाकांवरचा लाकडी डबा आणि त्यात शेगडी. वादळात फांद्या कोसळतात तेव्हा मात्र रानात जायचेच नाही, हा नियम कडक असतो.

या अंधारात ११ नोव्हेंबरचा संत मार्टिनचा दिवस येतो. भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा हा संत. पण त्याची तारीख त्याच्याइतकीच शेतीचीही आहे. त्या सुमारास कुळे खंड चुकता करत, गडी-मोलकरणी मालक बदलत, हंस कापले जात. खेड्यातली पोरे गुरांच्या बिटाचे बूड शाबूत ठेवून आतला गर चमच्याने खरवडत, साल बोटभर जाडीची राखत, डोळे-तोंड कोरत आणि आत मेणबत्ती ठेवत. झाकणाचा करपलेला गोडसर वास हा त्या कंदिलाचाच भाग. शहरात हा कंदील रस्त्यावरच्या दिव्यांखालून मिरवतो आणि केवळ शोभेचा होतो. वनबालवाडीच्या मिरवणुकीत, रानात, त्याच्याच उजेडात वाटेतले झाडाचे मूळ दिसते. नाताळाच्या आधी पक्ष्यांसाठी झाड सजवतात तेही तसेच: वितळलेल्या चरबीत बिया कालवून ते मिश्रण पाइनच्या शंकूत, नाही तर चक्क नारळाच्या करवंटीत भरायचे आणि फांदीला टांगायचे. आपल्या ओळखीची करवंटी उत्तर युरोपातल्या टिट पक्ष्याचे ताट व्हावी, याची मौज वाटते. शिवाय जर्मनीत अशा अनेक बालवाड्या पालकांच्याच संस्था चालवतात. एरवी पालकांच्या वाट्याला येतात ते फक्त चिखलाचे कपडे. कंदिलाच्या संध्याकाळी ते स्वतः अंधारात आणि थंडीत उभे राहतात. पुढच्या तीन महिन्यांची त्यांची संमती तिथे मिळते, असे माझे मत आहे.

यावर कुणी म्हणेल, हे सण जुन्या परंपरेच्या नावाखाली अलीकडे जुळवलेले आहेत. आहेतच. पण १३ डिसेंबरच्या संत लुसियाच्या सणाची स्टॉकहोममधली सार्वजनिक मिरवणूक तरी १९२७ मध्ये एका वर्तमानपत्राच्या स्पर्धेतूनच सुरू झाली ना! सण जुना किती, यापेक्षा तो त्या जागी काय काम करतो, हे पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते. थंडीने मुले आजारी पडतात या आक्षेपाला पात्रिक ग्रान आणि सहकाऱ्यांच्या १९९७ च्या स्वीडिश अभ्यासाचे उत्तर दिले जाते. त्यात बाहेर वाढणाऱ्या मुलांचा तोल चांगला आणि आजारपणाची गैरहजेरी कमी आढळली. तुलना मात्र दोनच बालवाड्यांची होती, म्हणून त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये.

खरा बोचणारा आक्षेप वेगळाच आहे. ‘हवा वाईट नसते, कपडे वाईट असतात’ ही स्कँडिनेव्हियन म्हण रबरी विजार परवडणाऱ्याची म्हण आहे. शार्लोटेनबुर्गची शाळा गरिबांसाठी होती. आजची वनबालवाडी पुष्कळदा शिकलेल्या, सुस्थितीतल्या घरांची असते, आणि या इतिहासात झालेला हा तोटा नाकारण्यात अर्थ नाही. तो अटळ मात्र नव्हता. मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या बहिणींनी १९१४ मध्ये लंडनच्या डेप्टफर्डमध्ये झोपडपट्टीतल्या लहानग्यांसाठी बागेतली बालवाडी काढली, तेव्हा अंघोळ आणि जेवण हा शिक्षणाचाच भाग मानला. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. मूल गुरांमागे, म्हणून शाळाही गुरांमागे. थंडीचा प्रश्न तिथे नव्हता, पण मुलाकडे काय नाही हे आधी पाहायचे आणि मग शाळेचा आकार ठरवायचा, ही रीत तीच. काही वनबालवाड्यांच्या चाकांवरच्या डब्यात शेगडीशेजारी आखूड झालेल्या रबरी विजारींची एक पेटी असते. ज्याला लागेल त्याने त्यातून घ्यायची.