नेम डोळ्याचा की हाताचा?

नेमबाजी म्हटली की आपल्याला तीक्ष्ण डोळा आठवतो. संगणकावरच्या नेमबाजीच्या खेळांचा इतिहास पाहताना मात्र मला वाटते, ती गोष्ट डोळ्यापेक्षा हाताची अधिक आहे.

१९९३ साली अमेरिकेत ‘डूम’ हा खेळ आला. त्यात वर-खाली पाहण्याची सोयच नव्हती. शत्रू उंचावर असला, तरी त्याच्या दिशेने बंदूक वळवली की पुरे. गोळी आपोआप वर जाई. अनेकजण नुसत्या कीबोर्डवर खेळत. १९९६च्या ‘क्वेक’मध्ये माऊस सरकवून चहूकडे पाहता येऊ लागले. माऊस किती सरकला की नजर किती वळावी, हे ठरवणारा आकडा म्हणजे सेन्सिटिव्हिटी. आकडा मोठा असेल, तर मनगटाच्या झटक्यात गिरकी घेता येते. लहान असेल, तर सगळा हात फिरवावा लागतो, पण नेम स्थिर राहतो. १९९७ साली ‘थ्रेश’ या नावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने क्वेकची स्पर्धा जिंकली आणि खेळाच्या निर्मात्यांपैकी जॉन कारमॅक यांची लाल फेरारी बक्षीस म्हणून नेली. डावा हात कळांवर, उजवा माऊसवर ही पद्धत रूढ होण्यात त्याचा मोठा वाटा होता.

पुढे दुर्बिणीच्या बंदुकीने नवा पेच आणला. १९९९ साली अवतरलेल्या ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये एरवी ९० अंशांचे दृश्य दिसते, दुर्बीण लावली की ४०. माऊसचा वेगही खेळ त्याच प्रमाणात, म्हणजे सव्वादोन पट कमी करतो. पण त्रिकोणमितीच्या हिशेबाने मधले चित्र पावणेतीन पट मोठे झालेले असते. त्यामुळे सरावलेल्या हातालाही माऊस निसटल्यासारखा वाटतो. म्हणून दुर्बिणीसाठी वेगळा गुणक ठेवला गेला. तो सुमारे ०.८२ केला की डोळा आणि हात पुन्हा जुळतात.

२०००च्या दशकात आपल्याकडच्या सायबर कॅफेंमध्येही हा खेळ रंगे. तिथे दर वेळी वेगळा संगणक, वेगळा माऊस. खुर्चीत बसताच आधी सेटिंग उघडणारा मुलगा वेळ दवडतो आहे, असे मोठ्यांना वाटे. खरे तर तो महिनोन्‌महिने हाताला लावलेले वळण जपत असे. म्हणून नव्या खेळाडूंना माझे एकच सांगणे आहे: दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. आपला शोधा, आणि सापडल्यावर रोज बदलू नका.