न विचारलेले बांडगूळ

जत्रेतला लाकडी पाळणा तुम्ही पाहिला असेल. माझे अब्बा सुतार. गावच्या जत्रेत पाळणा उभा राहिला, की मालक त्यांना बोलवायचा. अब्बा आधी खुंट्या आणि खिळे तपासायचे, मग खांब. ‘‘मोठं लाकूड कुरकुरून सांगतं, खुंटी न सांगता मोडते,’’ असे ते म्हणत.

काही वर्षांपूर्वी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला भाच्याकडे गेलो, तेव्हा हे आठवले. तिथे १९२३ साली सुरू झालेले लिसेबर्ग नावाचे करमणूक उद्यान आहे. त्यात २००३ साली एक लाकडी रोलर कोस्टर उभा राहिला. उंची ३६ मीटर, वाट १०७० मीटर, वेग ताशी ९० किलोमीटर. नाव बाल्डर.

या खेळाचा उगम रशियातला. तिथे लाकडी मांडवावर बर्फ गोठवून लोक घसरत. १८१७ साली पॅरिसमध्ये त्याला चाकांच्या गाड्या आल्या. १८८४ साली लामार्कस थॉम्पसनने न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पाच सेंटमध्ये लोकांना असे फिरवले. वेग ताशी जेमतेम १० किलोमीटर. वेग वाढवायचा, तर चढावाच्या माथ्यावर गाडी रुळावरून उडण्याची भीती. १९१९ साली जॉन मिलरने त्यावरच्या उपायाचे पेटंट घेतले. रुळाच्या खालच्या बाजूला आणखी एक चाक! ते बसणाऱ्याला दिसत नाही, पण गाडीला धरून ठेवते.

आता बाल्डर कोण? उत्तरेकडच्या जुन्या पुराणातला हा देखणा, सर्वांचा लाडका देव. तेराव्या शतकात आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने त्याची कथा लिहून ठेवली. बाल्डरला मरणाची स्वप्ने पडू लागली. आई फ्रिगने अग्नी, पाणी, लोखंड, दगड, झाडे, रोग, सगळ्यांकडून शपथ घेतली, की माझ्या मुलाला इजा करणार नाही. आपल्या हिरण्यकश्यपूच्या वरासारखीच ही तटबंदी, आणि तिलाही एक फट राहिली. एक बांडगूळ फारच कोवळे, म्हणून तिने त्याला विचारले नाही. कपटी लोकीने नेमके तेच आंधळ्या होडच्या हाती दिले आणि बाल्डर कोसळला.

आपल्याकडे बांडगूळ हा शब्द माणसांसाठी शिवीसारखा वापरतात. कधीकाळी तो माझ्याही वाट्याला आला आहे. म्हणून ही कथा मला लागते. फ्रिगने बांडगुळाला दुष्ट ठरवले नव्हते. फक्त विचारले नव्हते.

आणि लाकडाच्या काडीने मेलेल्या या देवाच्या नावाने लाकडाचाच डोंगर उभा केलेला! त्याचे रूळ कारखान्यात लाकडाचे थर चिकटवून, अचूक कापून आणलेले आहेत. तरी लाकूड ते लाकूड. ऊन, पाऊस, हिमवर्षाव सोसणारे. ते कसली शपथ घेत नाही. त्याच्याकडे रोज पाहावे लागते.

‘‘मामू, बसायचं ना?’’ भाच्याने विचारले. बसलो. माथ्यावर आसनावरून उचलला गेलो, पोटात गोळा आला, मी डोळे मिटले. उतरल्यावर पाय लटपटत होते. अब्बा असते, तर बसण्याआधी खाली वाकून त्यांनी ते तिसरे चाक पाहिले असते.