कोरड्या वंगणांच्या अभ्यासात प्रवेश करताना

तेल आणि ग्रीस जिथे टिकतात, तिथे त्यांना हात लावायचे कारण नाही. हे पुस्तक ती जिथे टिकत नाहीत, त्या जागांविषयी आहे. विटा-टाइल्स भाजणाऱ्या भट्टीतून ये-जा करणाऱ्या गाडीच्या चाकाचे बेअरिंग उघडून पाहा. त्यात साधे ग्रीस भरले असेल, तर तेल केव्हाच उडून गेलेले असते आणि बॉलच्या वाटेवर काळी, कडक खपली धरलेली असते. चाक फिरायचे सोडून फरफटत जाते. दुसऱ्या टोकाला रॉकेटचा पंप आहे. तो २० केल्विन तापमानाच्या द्रवरूप हायड्रोजनमध्ये फिरतो आणि तिथे कोणतेही तेल गोठून जाते. क्ष-किरण नळीतल्या फिरत्या ॲनोडच्या बेअरिंगला तर निर्वात आणि उष्णता दोन्ही सोसावी लागतात. तेलाच्या वाफेने नळीच निकामी होईल, म्हणून तिथे चांदी किंवा शिसे यांचा पातळ थर वंगणाचे काम करतो.

या विषयाकडे नव्याने वळणारा विद्यार्थी किंवा मेंटेनन्सचा इंजिनिअर बहुधा पहिल्यांदा विचारतो, सगळ्यात चांगले कोरडे वंगण कोणते? या प्रश्नाला उत्तर नाही, आणि ते का नाही हे कळले की विषयाचे दार उघडते. कोरड्या वंगणाचे घर्षण त्या पदार्थावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या भोवतालच्या हवेवर, ओलाव्यावर आणि तापमानावर असते.

ग्राफाइट आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड, म्हणजे वर्कशॉपमधले ‘मोली’, यांची जोडी पाहा. दोघांची रचना चिरोट्यासारखी पापुद्र्यांची. पापुद्रे एकमेकांवरून सहज सरकतात आणि घर्षण कमी होते. पण ग्राफाइटला हे सरकणे जमते ते हवेतल्या बाष्पाच्या जोरावर. दुसऱ्या महायुद्धात खूप उंचीवर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरमधले कार्बन ब्रश झपाट्याने झिजून त्यांची भुकटी होऊ लागली. वरची हवा कोरडी होती, एवढेच कारण. आर. एच. सॅव्हेज यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बाष्पाची ही भूमिका दाखवून दिली. मोलीचे नेमके उलटे आहे. निर्वातात तिचा घर्षणांक ०.०५ च्याही खाली जातो. दमट हवेत तो ०.१ ते ०.२ पर्यंत चढतो आणि थरही लवकर झिजतो. उपग्रहात मोली आणि दमट हवेत ग्राफाइट, ही निवड इथून येते.

तापमानाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. टेफ्लॉनची मजल साधारण २६० अंश सेल्सिअसपर्यंत. मोली हवेत ३५० ते ४०० अंशांच्या आसपास ऑक्सिडाइझ होऊ लागते, ग्राफाइट त्याच्या थोडे पुढे टिकते. त्याहून वर कॅल्शियम आणि बेरियम यांची फ्लोराइडे कामाला येतात. पण ती थंड असताना ठिसूळ असतात आणि वंगणाचे काम नीट करत नाहीत. म्हणून ‘नासा’च्या संशोधकांनी पीएस३०४ या लेपात कमी तापमानासाठी चांदी, जास्त तापमानासाठी फ्लोराइडे आणि कठीणपणासाठी क्रोमियम ऑक्साइड एकत्र केले. एका पदार्थाने सगळी कामे करावीत हा हट्ट सोडला की असे मार्ग सुचतात.

कोरड्या वंगणाच्या मर्यादाही पहिल्याच दिवशी समजून घ्याव्यात. तेल झिजलेल्या जागी पुन्हा वाहत येते, उष्णता आणि कचरा वाहून नेते. लेप यातले काहीच करत नाही. अचूक बॉल बेअरिंगवरचा मोलीचा थर जेमतेम एक मायक्रोमीटर जाडीचा असतो. जाड थर द्यावा, तर बेअरिंगमधला क्लिअरन्सच संपतो. यावर एक सुंदर तोडगा म्हणजे केजच टेफ्लॉनयुक्त पदार्थाचा करणे. केज स्वतः थोडा थोडा झिजतो, बॉल ते कण रेसवर पसरवतात आणि थर भरून निघत राहतो. रॉकेटच्या हायड्रोजन पंपातली बेअरिंगे अशीच चालतात.

आता गॅलिलिओ यानाचे उदाहरण. त्यात अडकले ते बेअरिंग नव्हते, अँटेनाच्या काड्या धरून ठेवणाऱ्या पिना होत्या. पण धडा तोच आहे. १९८६ च्या चॅलेंजर दुर्घटनेमुळे उड्डाण लांबले आणि यान ट्रकने फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला परत गेले, मग पुन्हा फ्लोरिडाला आले. १९८९ मध्ये ते झेपावले. एप्रिल १९९१ मध्ये मुख्य अँटेना उघडण्याची आज्ञा दिली, तेव्हा तो पुरता उघडलाच नाही. रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पिनांवरचा कोरडा लेप घासून गेला असावा आणि निर्वातात उघड्या धातूने धातूला धरून ठेवले असावे, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. लेप अवकाशासाठी निवडलेला होता; त्याची झीज मात्र जमिनीवरच्या हवेत होऊन गेली होती. छोट्या अँटेनाच्या भरवशावर मोहीम पार पडली, पण माहिती पाठवण्याचा वेग कमालीचा घटला.

म्हणून या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण परिस्थितीच्या नोंदीने सुरू होते: तापमान, वायू, ओलावा, भार, वेग, फेऱ्यांची संख्या आणि चाचणी, साठवण व वाहतूक यांचा काळ. वंगणाचे नाव त्यानंतरच येते. यासाठी बारावीचे रसायनशास्त्र आणि बेअरिंगची जुजबी ओळख पुरेशी आहे. वाचकाने आपल्या कामातले, वारंवार जाणारे एक बेअरिंग निवडावे, त्याची अशीच नोंद एका कागदावर करावी आणि ती समोर ठेवून वाचायला बसावे. या क्षेत्रात सोडवायचे अजून पुष्कळ आहे. त्यात आपले मनापासून स्वागत.