तिसऱ्या अंतराचा चष्मा

मुंबईच्या उपनगरांत गेल्या पन्नास वर्षांत कारकुनी आणि बुद्धिजीवी काम हळूहळू कागदावरून पडद्यावर गेले, आणि या स्थित्यंतरात डोळा व काम यांच्यातील अंतर सुमारे 40 सेंटीमीटरवरून 60 ते 70 सेंटीमीटरपर्यंत वाढले. वीसतीस सेंटीमीटरचा हा फरक तरुण डोळ्याला जाणवतही नाही. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्याला तो स्पष्ट आणि अस्पष्ट यांमधील फरक ठरतो. उपनगरांतील संगणकाचा इतिहास आजवर निर्यातीच्या आकड्यांत आणि उद्योजकांच्या चरित्रांत लिहिला गेला आहे. ज्या डोळ्यांनी तो घडवला, त्यांच्या बाजूने तो क्वचितच पाहिला गेला.

डोळ्यातील नैसर्गिक भिंग आपला आकार बदलून वेगवेगळ्या अंतरांवर दृष्टी स्थिर करते आणि या क्रियेला समायोजन म्हणतात. भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात, आणि मीटरमधील अंतराने एकाला भागले असता त्या अंतरासाठी लागणारी शक्ती मिळते. म्हणजे 40 सेंटीमीटरवरील कागदासाठी अडीच डायॉप्टर, तर 65 सेंटीमीटरवरील पडद्यासाठी साधारण दीड डायॉप्टर पुरते. दहाव्या वर्षी दहाबारा डायॉप्टरपेक्षा अधिक असलेली ही क्षमता चाळिशीत चारपाच डायॉप्टरवर येते आणि साठीपर्यंत जेमतेम एक डायॉप्टर उरते, कारण वयाबरोबर भिंग कडक होत जाते. डच नेत्रवैज्ञानिक फ्रान्सिस्कस दोंडर्स यांनी 1864 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या ऱ्हासाची पद्धतशीर मांडणी केली आणि तो रोग नसून वयाचा स्वाभाविक परिणाम आहे हे प्रस्थापित केले. मराठी घरांत या अवस्थेला, आणि तीवरील उपाय असलेल्या चष्म्यालाही, चाळिशी म्हणतात.

दोंडर्स यांचा ग्रंथ युरोपात वाचला जात होता त्याच दशकात मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारात सर कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय उभे राहिले, तर लॉरेन्स अँड मेयो ही 1877 मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली चष्म्यांची पेढी पुढे मुंबईच्या फोर्ट भागात स्थिरावली. चष्म्याचा व्यापार बराच काळ शहराच्या दक्षिण भागात एकवटलेला होता, आणि उपनगरांत लोकवस्ती वाढली तसा तो अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या स्थानकांच्या आसपास पसरला. तेथील दुकानांत डोळे तपासून जे कार्ड दिले जाते, त्याची रचना मात्र एकोणिसाव्या शतकातील गरजेप्रमाणेच राहिली: उजवा आणि डावा डोळा, आणि प्रत्येकासाठी दोनच चौकटी, दूरची आणि जवळची. दूर म्हणजे सहा मीटरवरील अक्षरतक्ता, जवळ म्हणजे हातातले वर्तमानपत्र. बेंजामिन फ्रँकलिनने 1785 सालच्या पत्रात ज्या दुहेरी भिंगाचे वर्णन केले आहे, तो बायफोकल चष्माही याच दोन अंतरांसाठी आहे. वरचा भाग रस्त्यासाठी आणि खालची चकती पुस्तकासाठी.

उपनगरांतील कार्यालयीन काम जोवर कागदावर होते, तोवर ही विभागणी बहुतांशी पुरेशी होती. खातेवही, जमाखर्च, पत्रव्यवहार हे सर्व टेबलावर सपाट पडलेले आणि डोळ्याच्या खाली असे, त्यामुळे बायफोकलची चकती अगदी योग्य जागी येत असे. टंकलेखनाने यात थोडा बदल केला. गोदरेज कंपनीने 1955 मध्ये भारतीय बनावटीचा पहिला टंकलेखन यंत्राचा नमुना बाजारात आणला आणि या कंपनीची विक्रोळीची वसाहत घाटकोपर व कांजूरमार्ग यांच्या मधला मोठा औद्योगिक परिसर बनली. स्थानकांजवळच्या टायपिंग क्लासांत इंग्रजी आणि मराठी टंकलेखन शिकून हजारो मुलेमुली नोकरीला लागली. टंकलेखकाची नजर बोटांवर नसे, ती शेजारच्या मजकुरावर असे. तो मजकूर आणि यंत्रातील कागद दोन्ही हाताच्या टप्प्यात असल्याने वाचनाच्या चष्म्यावर काम भागत असे.

पडदा उपनगरांतील घरांत आला तो दूरची वस्तू म्हणून. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि चाळीत वा सोसायटीत खोलीच्या पलीकडच्या भिंतीपाशी ठेवलेला संच लोक दोनतीन मीटरवरून पाहू लागले. संगणकाचा पडदा त्याआधीच शहरात होता, कारण टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेल्या आणि 1960 मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफरॅक या संगणकाला आकृत्या व अक्षरे दाखवणारी ऋणकिरण नळी जोडलेली होती; पण ते शास्त्रज्ञांचे साधन होते. नोकरीचे साधन म्हणून पडदा अवतरला तो अंधेरीच्या पूर्वेला, 1973 मध्ये स्थापन झालेल्या सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात प्रक्रिया क्षेत्रात, म्हणजेच सर्वांच्या तोंडी असलेल्या सीप्झमध्ये. येथे एका बाजूला इलेक्ट्रॉनिक भाग जोडण्याचे बारीक काम चाले, तर दुसऱ्या बाजूला टाटा बरोजसारख्या कंपन्यांनी सॉफ्टवेअर निर्यातीचा पाया घातला आणि 1980 च्या दशकात देशाच्या सॉफ्टवेअर निर्यातीचा मोठा वाटा या एका आवारातून गेला. टर्मिनलसमोर बसलेली ही माणसे बहुतेक विशीतिशीतली होती. त्यांच्या डोळ्यांत समायोजनाची शिल्लक भरपूर होती, आणि म्हणूनच पडद्याच्या अंतराचा प्रश्न पहिल्या पिढीच्या बाबतीत उद्भवलाच नाही.

तो उद्भवला बँकांत. 1969 मध्ये 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर उपनगरांतही शाखा झपाट्याने उघडल्या आणि मोठी कारकून भरती झाली. 1983 मध्ये कर्मचारी संघटना आणि बँक व्यवस्थापन यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, 1984 मध्ये रंगराजन समितीने संगणकीकरणाची दिशा आखून दिली आणि त्यानंतर शाखांमध्ये एएलपीएम, म्हणजे खातेनोंदी करणारी संगणकीय यंत्रे, येऊ लागली. या काळातील वाद मुख्यतः नोकऱ्या जाण्याच्या भीतीवर झडला, आणि ती भीती रास्तच होती. पण वीसबावीस वर्षांच्या वयात खातेवहीवर रुजू झालेला कारकून 1990 च्या दशकात पडद्यासमोर बसला, तेव्हा तो पंचेचाळिशीचा झालेला होता आणि त्याच्या नाकावर दोन अंतरांचा चष्मा होता, ही गोष्ट चर्चेच्या कडेलाच राहिली. समोरचा पडदा चष्म्याच्या वरच्या भागातून धूसर दिसे, आणि खालच्या चकतीतून पाहायचे तर हनुवटी वर उचलून मान मागे टाकावी लागे व तरीही पुढे झुकावे लागे. मानेचे आणि खांद्याचे जे दुखणे खुर्चीच्या माथी मारले जाते, त्यातील काही भाग या भिंगाचा असतो.

त्या काळचे पडदे वयस्क डोळ्याला दुहेरी अडचणीचे होते. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे दाखवणाऱ्या ऋणकिरण नळीची काच फुगीर असल्याने छतावरच्या ट्यूबलाइटचे आणि मागच्या खिडकीचे प्रतिबिंब तीवर पडे, आणि ते झाकण्यासाठी पडद्यासमोर काळी जाळी वा रंगीत काच अडकवण्याची पद्धत उपनगरांतील कार्यालयांत सर्रास रूढ झाली. शिवाय काळी पार्श्वभूमी पाहताना बाहुली मोठी होते आणि बाहुली मोठी झाली की दृष्टीची खोली, म्हणजे एकाच वेळी स्पष्ट दिसणाऱ्या अंतरांचा पट्टा, आक्रसते. उजळ पार्श्वभूमीवरील काळी अक्षरे बाहुली आकुंचित ठेवतात आणि अपुऱ्या चष्म्यालाही थोडा आधार देतात. आज काळ्या पार्श्वभूमीची मांडणी डोळ्यांना आराम देणारी म्हणून सुचवली जाते. साठीच्या डोळ्यासाठी ती अनेकदा उलट ठरते आणि ज्यांना सिलिंडरचा, म्हणजे दृष्टिवैषम्याचा, नंबर आहे त्यांना अक्षरांभोवती प्रकाश पसरल्यासारखा दिसतो.

युरोपीय समुदायाने 1990 साली पडद्यावरील कामासंबंधी निर्देश काढून कर्मचाऱ्यांना नेत्रतपासणीचा आणि गरज असल्यास त्या कामापुरत्या वेगळ्या चष्म्याचा हक्क दिला. भारतात 1948 च्या कारखाने अधिनियमातील डोळ्यांच्या संरक्षणाचे कलम उडणाऱ्या कणांपुरते आणि प्रखर प्रकाशापुरते होते. पडद्याच्या अंतरावरचा चष्मा येथे कर्मचाऱ्याने स्वतःच शोधायचा राहिला, आणि ही उणीव आजही खटकण्यासारखी आहे.

चष्म्याच्या तंत्रात यावर एक उत्तर आधीच निघालेले होते. फ्रान्समधील बर्नार मेतनाझ यांनी विकसित केलेले आणि 1959 मध्ये व्हॅरिलक्स या नावाने विक्रीस आलेले प्रोग्रेसिव्ह भिंग वरून खाली क्रमाक्रमाने शक्ती वाढवत जाते आणि त्यात मधल्या अंतरासाठीही जागा असते. उपनगरांतील दुकानांत ते सर्वसामान्यांच्या आवाक्यात येण्यास दीर्घ काळ लागला, आणि आले तेव्हा सर्व अंतरांवरचा एकच उपाय म्हणून विकले गेले. प्रत्यक्षात त्यातील मधला पट्टा अरुंद असतो व त्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिमा विकृत होते, त्यामुळे रुंद पडद्यावरील ओळ वाचताना डोळ्यांऐवजी मान फिरवावी लागते. प्रवासाला, दुकानात, सभेत हे भिंग उत्तम असते. दिवसाचे आठ तास एकाच पडद्यासमोर काढणाऱ्याला ते पुरत नाही.

दरम्यान पडदेही बदलले. 2000 नंतरच्या दशकात मालाडच्या माइंडस्पेसमध्ये आणि गोरेगावच्या निरलॉन परिसरात, जिथे पूर्वी नायलॉनचा कारखाना होता, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि ऋणकिरण नळीची जागा सपाट एलसीडी पडद्यांनी घेतली. लुकलुक गेली, काचेचा फुगवटा गेला, जाळ्या निघाल्या. पण अक्षर लहान झाले. 14 इंची जुन्या पडद्यावर 25 ओळी मावत आणि मोठे रोमन अक्षर साधारण 4 मिलिमीटर उंच असे. आजच्या 14 इंची लॅपटॉपवर तेच अक्षर बहुधा दोनअडीच मिलिमीटरचे असते. आरामात वाचण्यासाठी अक्षराने डोळ्याशी सुमारे 20 कलांचा कोन करावा असे मानले जाते (60 कला म्हणजे एक अंश), आणि 60 सेंटीमीटरवर त्यासाठी साडेतीन मिलिमीटर उंची लागते. मराठी वाचणाऱ्याची अडचण याहून अधिक आहे, कारण देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या व मात्रा आणि खाली उकार असल्याने तेवढ्याच उंचीत मुख्य अक्षराला कमी जागा उरते. देवनागरी मजकूर रोमनपेक्षा मोठ्या आकारात ठेवणे वयस्क वाचकाला आवश्यकच ठरते. साठीच्या डोळ्यात लहान झालेली बाहुली आणि पिवळसर झालेले भिंग यांमुळे विशीतल्या डोळ्याच्या सुमारे एकतृतीयांशच प्रकाश नेत्रपटलापर्यंत पोहोचतो, म्हणून अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील फरकही ठळक हवा.

मार्च 2020 मधील टाळेबंदीने या इतिहासात घराची खोली आणली. घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवारनगर, अंधेरीचे डी. एन. नगर या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतींतील मूळ घरे लहान आहेत, आणि नव्या इमारतींतील एका शयनगृहाच्या सदनिकाही फारशा ऐसपैस नाहीत. सीप्झमध्ये विशीत टर्मिनलसमोर बसलेली पिढी या वेळी साठीच्या आसपास होती, आणि तिचे काम, बँक व्यवहार, नातवंडांशी बोलणे सारे जेवणाच्या टेबलावरील लॅपटॉपवर आले. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक जोडलेले असल्याने पडदा नीट अंतरावर ठेवला तर हात ताणले जातात आणि हात सोयीत ठेवले तर पडदा खाली व फार जवळ येतो. वेगळा मॉनिटर घेणे हाच यावरचा खरा उपाय, पण भिंतीला लावलेल्या 45 सेंटीमीटर खोलीच्या फळीवर 27 इंची मॉनिटर ठेवला तर तोही जवळच येतो. अशा घरात भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला बसवलेल्या दांड्यावरचा 24 इंची, चकचकीत नसलेल्या पृष्ठभागाचा मॉनिटर अधिक उपयोगी पडतो. खोलीत जागा असेल तर 27 इंची पडदा 70 सेंटीमीटरवर ठेवून अक्षरे वाढवता येतात. अधिक सूक्ष्म बिंदूंचा पडदा अक्षरांच्या कडा रेखीव करतो, अक्षरे मोठी मात्र करत नाही. ती संगणकाच्या मांडणीतून वाढवावी लागतात.

चष्म्याचा हिशेब याच अंतरावरून होतो. ज्याला दूरचा नंबर नाही आणि वाचनासाठी प्लस 2.25 आहे, त्याचा चष्मा सुमारे 44 सेंटीमीटरवर सर्वांत स्पष्ट दाखवतो; 65 सेंटीमीटरवरील पडद्यासाठी त्याला प्लस 1.25 ते 1.50 लागतो. दूरचा नंबर मायनस 1.00 असेल तर हीच वाढ त्यात मिळवून पडद्याचा नंबर प्लस 0.25 ते 0.50 येतो. मोतीबिंदू काढून एका अंतराचे कृत्रिम भिंग बसवलेल्या डोळ्यात समायोजन उरतच नाही, म्हणून तेथे हा हिशेब अधिक काटेकोर लागतो. एकाच नंबरची साधी भिंगे पूर्ण पडदा एका नजरेत देतात. पडदा आणि कागद दोन्ही वापरणाऱ्यासाठी ऑफिस लेन्स म्हणून मिळणारी, वर पडद्याची व खाली वाचनाची शक्ती असलेली भिंगे सोयीची असतात, पण ती घालून जिना उतरू नये वा गाडी चालवू नये. स्थानकाबाहेर मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांना सारखीच शक्ती असते आणि सिलिंडर नसतो. ज्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत त्यांना कमी शक्तीचा असा चष्मा पडद्यापुरता चालू शकतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगांसाठी अधिक पैसे मोजले जातात, परंतु 2023 च्या कॉक्रेन समीक्षेत पडद्यावरील कामाचा ताण त्यांनी अल्पकाळात कमी होत असल्याचे दिसले नाही. डोळ्यांची जळजळ बहुतेकदा पापण्यांच्या उघडझापेशी जोडलेली असते, कारण एरवी मिनिटाला पंधरावीस वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर बरीच कमी लवते, आणि पंख्याचा वा एसीचा झोत थेट चेहऱ्यावर असेल तर कोरडेपणा वाढतो.

दुकानातील कार्डावर तिसरी चौकट नसली तरी तपासणाऱ्याला तिचा नंबर काढता येतो, मात्र त्याला अंतर सांगावे लागते. नेहमीच्या खुर्चीत नेहमीसारखे बसून डोळ्यापासून पडद्यापर्यंत टेपने मोजलेले सेंटीमीटर, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेपेक्षा किती वर वा खाली आहे, आणि शेजारी कागद ठेवून काम होते की नाही, एवढ्या तीन गोष्टी लिहून नेल्या तर अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या कोणत्याही चांगल्या दुकानात चाचणीच्या फ्रेममध्ये भिंगे घालून त्याच अंतरावर मजकूर धरून पाहता येते.