सदिशांचे घटक आणि गावाची शीव

‘सदिश’ ही संज्ञा हॅमिल्टनने 1840 च्या दशकात योजिली. गिब्ज व हेविसाईड यांनी पुढे तिला आजचे रूप दिले. घटकांची रीत मात्र भूमापकांच्या हाती त्याआधीच होती. लॅम्टनने 1802 मध्ये मद्रासेस आरंभिलेली त्रिकोणमितीय मोजणी दक्षिणेतून विदर्भाकडे सरकली आणि 1823 मध्ये हिंगणघाट येथे त्याचे निधन झाले.

1861 मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांतात भंडारा जिल्हा मोडत असे. येथील दिघोरीसारख्या गावाची शीव सरळ जात नाही. नाला, बोडी, धुरा यांवरून ती वळते. ट्रॅव्हर्स मोजणीत अशा प्रत्येक तुकड्याची लांबी व दिशा घेऊन त्याचे उत्तर व पूर्व असे दोन घटक करतात. समजा, उत्तरेपासून पूर्वेकडे 30 अंशांवर 10 साखळ्या (साखळी 66 फुटांची) आणि नंतर थेट पूर्वेस 6 साखळ्या गेल्यास उत्तर घटक 8.66 व पूर्व घटक 11 होतो. चाल 16 साखळ्यांची, विस्थापन मात्र 14 साखळ्यांचे. दिशा उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे 52 अंश.

शीव पूर्ण फिरून आरंभीच्या दगडाशी आल्यावर दोन्ही बेरजा शून्य व्हावयास हव्यात. जे उरते ती मोजणीतील चूक. तिच्याकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नव्हते, कारण क्षेत्रफळ ह्याच घटकांवरून निघे आणि साऱ्याच्या आकारणीस ते लागे. पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण व्याख्येने उघडते; बंद शीव त्यात क्वचितच भेटते.